होशंगाबादचे विज्ञान : सोळा शाळा, हजार शाळा आणि नववीचा उंबरठा

१९७२ च्या उन्हाळ्यात मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांचे विज्ञानशिक्षक प्रशिक्षणासाठी एकत्र आले. त्यांना व्याख्याने ऐकायची नव्हती. पुढे सहावीच्या मुलांनी जे प्रयोग करायचे होते, तेच प्रयोग आधी त्यांनी स्वतः करायचे, निरीक्षणे वहीत मांडायची आणि सगळ्यांची निरीक्षणे फळ्यावर एकत्र आली की त्यांतून काय निघते यावर वाद घालायचा, असा क्रम ठरला होता. त्यांतल्या अनेकांनी स्वतः शाळा सोडल्यानंतर विज्ञानाचे पुस्तक उघडलेले नव्हते आणि प्रयोगशाळा तर काहींनी कधी पाहिलेलीच नव्हती. त्यांना शिकवायला, खरे म्हणजे त्यांच्या बरोबर बसायला, जे आले होते त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ होते. पुढच्याच वर्षापासून दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि विद्यार्थीही येऊ लागले. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम या नावाने, आणि तिकडच्या शिक्षकांच्या बोलण्यात ‘होविशिका’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा उपक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये शासनाच्या एका निर्णयाने थांबला. त्या जिल्ह्याचे नाव आता नर्मदापुरम आहे.

गेली अनेक वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी विज्ञानाच्या कार्यशाळा भरवण्याच्या कामात आहे आणि या काळात होविशिकाकडे मी पुन्हा पुन्हा वळलो आहे. त्याविषयी आदराने बोलणारे पुष्कळ भेटतात. पण त्याचा उल्लेख बहुधा ‘कमी खर्चातले प्रयोग’ एवढ्यावरच आटोपतो. मला त्या कार्यक्रमाचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी दिसते. विज्ञानप्रसाराचे काम शाळेच्या आत, सरकारी शिक्षकाच्या हातून, रोजच्या तासाला घडायचे असेल, तर शाळेच्या व्यवस्थेतल्या किती गोष्टी एकाच वेळी हलवाव्या लागतात, याचा इतका पूर्ण आणि इतका दीर्घ दाखला आपल्या देशात दुसरा क्वचितच सापडेल. त्यातली जी एक गोष्ट हलवता आली नाही, तिने शेवटी काय केले, हेही याच प्रकरणात दिसते.

सुरुवात

कार्यक्रम सुरू केला तो दोन स्वयंसेवी संस्थांनी. होशंगाबाद शहराजवळच्या रसूलिया येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांचे जुने फ्रेंड्स रूरल सेंटर होते आणि जिल्ह्याच्या पूर्व भागात बनखेडीजवळ किशोर भारती ही नवी संस्था उभी राहत होती. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे जीवरसायनशास्त्रज्ञ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून ते खेड्यात आले होते. या दोन संस्थांनी राज्य शासनाकडे जी परवानगी मागितली तिचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी मुलांना प्रयोग दाखवण्याची परवानगी त्यांनी मागितली नव्हती. सरकारी शाळांतील सहावी ते आठवीच्या वर्गांत विज्ञानाचे पाठ्यपुस्तक, शिकवण्याची पद्धत आणि परीक्षा बदलून पाहण्याची मुभा त्यांना हवी होती. आणि शासनाने १६ शाळांपुरती ती दिली. शासनाबाहेरच्या माणसांना सरकारी शाळेच्या गाभ्यात हात घालू देण्याचा हा निर्णय त्या काळी असामान्य होता आणि आजही असामान्यच ठरेल.

शाळा मुद्दाम निवडलेल्या, चांगल्या इमारतीच्या किंवा उत्साही मुख्याध्यापकांच्या नव्हत्या. खेड्यातल्या सर्वसाधारण सरकारी शाळेत जे चालणार नाही ते कुठेच पसरणार नाही, ही त्यामागची भूमिका होती आणि साहित्यापासून परीक्षेपर्यंतचे पुढचे बहुतेक निर्णय तिच्यातून निघाले.

वर्गातला तास

‘बाल वैज्ञानिक’ हे या कार्यक्रमाचे पुस्तक. ते पाठ्यपुस्तक आणि कार्यपुस्तिका यांच्या मधले होते. त्यात प्रयोग कसा करायचा ते सांगितलेले असे, प्रश्न विचारलेले असत, तक्ते रिकामे सोडलेले असत. उत्तरे मात्र दिलेली नसत. चार-चार मुलांची टोळी, प्रत्येक टोळीला साहित्य, मुलांनी प्रयोग करायचा, वहीत आपल्या शब्दांत लिहायचे आणि मग सगळ्या वर्गाने चर्चा करायची, असा तासाचा आराखडा होता.

उत्तर न देणारे पुस्तक ही कल्पना ऐकायला सोपी वाटते, पण शिक्षकाच्या अंगावर ती काय टाकते हे मोजमापाच्या एका साध्या धड्यावरून कळते. ‘बाल वैज्ञानिक’मध्ये मापनातल्या कमी-जास्तपणाला, तिकडच्या शब्दात ‘घट-बढ़’ला, बऱ्यापैकी जागा होती. समजा, दहा टोळ्यांनी एकाच बाकाची लांबी मोजली. कोणाची ११८.२ सेंटिमीटर येईल, कोणाची ११८.५, कोणाची ११७.९, आणि एखाद्या टोळीची १२८. नेहमीच्या वर्गात शिक्षक यांतली एक संख्या बरोबर ठरवतो आणि बाकीची मुले खोडरबर काढतात. इथे मात्र शिक्षकाने सगळ्या दहा संख्या फळ्यावर ठेवायच्या आणि विचारायचे की या वेगवेगळ्या का आल्या, यांतल्या कोणत्या फरकाबद्दल आपण निश्चिंत राहायचे आणि कोणत्या फरकाची चौकशी करायची. पाच-सहा मिलिमीटरचा फरक पट्टी धरण्यात, डोळ्याच्या कोनात, बाकाच्या झिजलेल्या कडेत आहे. तो चूक नाही, मोजण्याच्या कृतीचाच भाग आहे. १२८ मात्र बहुधा पट्टी सरकवताना झालेल्या गफलतीचे फळ आहे आणि ती टोळी पुन्हा मोजेल. एवढ्या चर्चेत सहावीच्या मुलाला जे कळते ते पुढे बी. एस्सी.च्या प्रयोगवहीतही अनेकांना कळलेले नसते: मोजलेली प्रत्येक राशी काही एका मर्यादेतच खरी असते, आणि ती मर्यादा सांगितल्याशिवाय नुसत्या संख्येला फारसा अर्थ नसतो.

पण यासाठी शिक्षकाला पंचेचाळीस मुलांसमोर ‘बरोबर उत्तर’ हातात नसताना उभे राहावे लागते. वर्गातला त्याचा अधिकार आजवर उत्तर ठाऊक असण्यावर टिकलेला असतो. तो काढून घेतला तर त्याच्या जागी काय द्यायचे, हा माझ्या मते होविशिकाचा मध्यवर्ती प्रश्न होता. ‘बाल वैज्ञानिक’मध्ये संयोग आणि संभाव्यता यांवरही धडा होता. प्रत्येक मुलाने नाणे दहा वेळा उडवले तर कोणाला सात छापे मिळतात, कोणाला तीन. सगळ्या वर्गाचे निकाल एकत्र केले की प्रमाण निम्म्याच्या जवळ सरकत जाते. हा धडा एकट्या मुलाला करताच येत नाही, त्याला सगळा वर्गच लागतो, आणि आजचा निकाल नेमका काय येईल हे शिक्षकालाही आधी सांगता येत नाही. इथे शिक्षकाचे न जाणणे ही त्याची उणीव उरत नाही, कारण विषयच तसा आहे. असे धडे अभ्यासक्रमात आणणाऱ्यांनी शिक्षकाचीही मोठी सोय केली, असे मला वाटते.

साहित्याविषयी थोडक्यात. फुलाचे भाग वेगळे करून पाहायला सुई लागते. दुकानातली विच्छेदन-सुई खेड्यात मिळत नाही आणि तिला दांडा असतो म्हणून महागही पडते. बाभळीचा काटा तेच काम करतो आणि शाळेच्या कुंपणावरच मिळतो. हा काटा होविशिकाची खूणच बनला. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, आगकाड्या अशा वस्तू पेटीत आल्या. महाराष्ट्राशी असलेला एक धागाही इथेच लागतो. अरविंद गुप्ता हे त्या वेळी पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता होते; १९७८ मध्ये ते काही महिने होशंगाबादला राहिले आणि व्हॉल्व्हची नळी व आगकाड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करण्याची कल्पना त्यांनी तिथे विकसित केली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हजारो मराठी मुलांनी आणि शिक्षकांनी जी खेळणी हाताळली, त्यांचे मूळ त्या जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात आहे.

तरीही साहित्याच्या स्वस्ताईवर फार भर देणे मला पटत नाही. एका तालुक्यात आम्ही तीस शाळांना विज्ञानपेट्या दिल्या होत्या. दीड वर्षाने फेरी मारली तेव्हा बहुतेक पेट्या कपाटात, कुलपात, वरचा कागदही न फाडलेल्या अवस्थेत होत्या. शिक्षक आळशी नव्हते. पेटीतली काचेची नळी फुटली तर जडसंग्रह नोंदवहीत ती कशी दाखवायची हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि मुख्याध्यापकांना तपासणीची धास्ती होती. शिवाय घटक चाचणीत त्या पेटीतले काहीच विचारले जाणार नव्हते. त्या दिवशी परतताना मला होविशिकातला दुसरा भाग, म्हणजे पुस्तक आणि पेटी यांच्या मागे उभा केलेला आधार, खऱ्या अर्थाने समजला.

शिक्षकाच्या मागे काय उभे केले होते

प्रशिक्षण एकदाच होत नसे. सहावी, सातवी आणि आठवी अशा तिन्ही इयत्तांसाठी लागोपाठच्या तीन उन्हाळ्यांत, दर वेळी सुमारे तीन आठवडे, शिक्षकाला यावे लागे. आपल्याकडे दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणाची सवय झालेल्यांना हा काळ फार वाटेल. परंतु शिक्षकाने आठवीचा सगळा अभ्यासक्रम मुलांसारखा स्वतः करून पाहायचा असेल तर त्याहून कमी काळात तो होत नाही. वर्गात गेल्यावर जो प्रयोग फसणार आहे तो प्रशिक्षणातच एकदा फसलेला असणे, आणि का फसला हे शोधण्यात एक दुपार गेलेली असणे, याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

प्रशिक्षणानंतरचा आधार तीन प्रकारचा होता. दर महिन्याला एका केंद्रशाळेवर आसपासच्या शाळांतले विज्ञानशिक्षक जमत. या केंद्राला संगम केंद्र म्हणत आणि बैठकीला मासिक गोष्ठी. महिनाभरात कोणता धडा झाला, कुठे अडले, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याला उत्तर देता आले नाही, पुढच्या महिन्यातला कोणता प्रयोग आधी करून पाहिला पाहिजे, हे तिथले विषय. महाराष्ट्रातल्या वाचकाला केंद्रावरची शिक्षण परिषद किंवा जुने गटसंमेलन आठवेल आणि रचना खरोखरच तशी आहे. पण आपल्याकडच्या बैठकीत परिपत्रके वाचून दाखवण्यात आणि माहितीचे तक्ते भरण्यात जो वेळ जातो तो इथे विषयाला मिळत होता, कारण बैठकीची विषयपत्रिका शिक्षकांच्या अडचणींतून ठरत होती.

दुसरा प्रकार अनुवर्तनाचा, म्हणजे शाळेत जाऊन वर्ग पाहण्याचा. तपासणी हा शब्द मुद्दाम टाळलेला होता. वर्ग पाहायला येणारा माणूस अनेकदा दुसऱ्या शाळेतला शिक्षकच असे. तो अडलेला प्रयोग बरोबर बसून करून पाही. पुढे तर प्रशिक्षण देणाऱ्यांतही शिक्षकांचा वाटा वाढत गेला. सुरुवातीला मुंबईचे आणि दिल्लीचे शास्त्रज्ञ जे करत होते ते काम काही वर्षांनी जिल्ह्यातले शिक्षक करू लागले, नवे धडे लिहिणे आणि जुने दुरुस्त करणे यांत बसू लागले. एखाद्या धड्यातली सूचना वर्गात चालत नाही असे शिक्षकाने सांगितले तर ती बदलली जाऊ शकत होती. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वात मोलाची वाटते ती हीच गोष्ट, कारण आपल्या विज्ञानप्रसारात शिक्षक हा कायम घेणाराच राहतो. शिबिरातून तो जातो, प्रमाणपत्र घेतो, आणि पुढच्या वर्षी त्याच शिबिराचा आराखडा त्याला न विचारता पुन्हा तसाच येतो.

तिसरा प्रकार मुलांसाठी होता. सवालीराम नावाचे एक कल्पित पात्र होते आणि मुलांनी मनात येईल तो प्रश्न पोस्टकार्डावर लिहून त्याला पाठवायचा होता. पुस्तकाबाहेरचे कितीतरी प्रश्न असे येत आणि त्यांना उत्तरे जात. वर्गातला शिक्षकही त्यामुळे मोकळा होत असे. ‘मला माहीत नाही, आपण सवालीरामला विचारू’ असे म्हणता येणे ही खेड्यातल्या एकट्या शिक्षकासाठी मोठी सुटका आहे.

परीक्षा

आता ज्या भागावर माझे सर्वाधिक लक्ष आहे त्याकडे येतो. १९७२ मध्ये सहावीत असलेली मुले १९७५ मध्ये आठवीच्या परीक्षेला बसणार होती, आणि मध्य प्रदेशात आठवीची परीक्षा त्या काळी शाळेबाहेरून घेतली जाई. प्रयोगातून शिकलेल्या मुलांना व्याख्या विचारणारी प्रश्नपत्रिका मिळाली असती तर कार्यक्रम त्याच दिवशी संपला असता. पुढच्या वर्षापासून शिक्षकांनी शांतपणे उत्तरे लिहून द्यायला सुरुवात केली असती आणि त्यांना दोष देता आला नसता. म्हणून परीक्षाही बदलली. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवायची परवानगी होती आणि तिच्या जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा होती.

पुस्तक उघडे ठेवून परीक्षा म्हटले की पालक आणि अधिकारी दोघेही दचकतात, म्हणून प्रश्न कसा असावा लागतो ते पाहू. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय’ हा प्रश्न उघड्या पुस्तकाच्या परीक्षेत निरर्थक होतो, कारण उत्तर उतरवून काढता येते. त्याऐवजी मी स्वतः रचलेला एक नमुना देतो: ‘सुमन आणि रफीक यांनी एकाच लोलकाच्या वीस आंदोलनांचा वेळ मोजला. सुमनला ३१ सेकंद, ३२ सेकंद, ३१ सेकंद अशा नोंदी मिळाल्या. रफीकला ३१, २९, ३८. कोणाच्या नोंदींवर तुमचा अधिक विश्वास बसेल? ३८ ही नोंद कशामुळे आली असेल? रफीकने पुढे काय करावे?’ याचे उत्तर कोणत्याही पानावर नाही. ज्याने लोलक स्वतः मोजला आहे त्याला आंदोलने मोजताना गफलत कशी होते हे ठाऊक असते आणि तो तीन-चार ओळी सहज लिहितो. ज्याने धडा फक्त वाचला आहे तो अडतो. असा प्रश्न विचारला जाणार आहे हे शिक्षकाला माहीत असेल तर पेटीचे कुलूप उघडण्यासाठी त्याला कोणी सांगावे लागत नाही.

परंतु असे प्रश्न काढणे कठीण असते. तोच प्रश्न दोनदा विचारला की तो पाठ होतो, म्हणून दर वर्षी नवे प्रश्न लागतात. उत्तरे वेगवेगळी येतात, म्हणून तपासणाऱ्यांनी आधी एकत्र बसून कोणते उत्तर किती गुणांचे हे ठरवावे लागते. होविशिकात प्रश्नपत्रिका काढणे आणि गुणांकनाची दिशा ठरवणे ही कामे शिक्षकांच्या कार्यशाळांतून होत, आणि मला वाटते की ही कार्यशाळा हेच त्यांचे सर्वात चांगले प्रशिक्षण असले पाहिजे. आपण मुलांकडून काय अपेक्षितो आहोत हे माणसाला प्रश्न रचताना जितके स्पष्ट होते तितके भाषण ऐकून कधीच होत नाही. मी हे आता अनेक शिक्षकांबरोबर करून पाहिले आहे. पहिल्या तासात सगळे जण व्याख्या विचारणारे प्रश्न काढतात. तिसऱ्या तासाला कोणीतरी एक खरा प्रश्न काढतो आणि मग खोलीतले बोलणेच बदलते.

विस्तार

१९७८ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातल्या सर्व शाळांच्या सहावी ते आठवीला लागू केला. सोळा शाळांत माणसे ओळखून काम चालते. जिल्हाभर ते नियमांनी चालवावे लागते. प्रशिक्षण, मासिक बैठक, अनुवर्तन, साहित्याची भरपाई आणि परीक्षा यांची जबाबदारी शिक्षण विभागाच्या कामकाजात बसवावी लागली आणि शिक्षक मासिक बैठकीला गेला तर तो कामावरच आहे हे कागदावर यावे लागले. या नीरस वाटणाऱ्या कामाला प्रयोगांइतकेच महत्त्व द्यायला हवे, असे मी अनुभवाने म्हणतो. विस्तार सांभाळण्यासाठी १९८२ मध्ये एकलव्य ही संस्था स्थापन झाली. दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे विनोद रैना तिच्या संस्थापकांपैकी एक. पुढे इतर जिल्ह्यांतल्या निवडक शाळांत कार्यक्रम गेला आणि शेवटच्या काळात तो सुमारे १५ जिल्ह्यांतल्या सुमारे १,००० शाळांत चालू होता.

नववीचा उंबरठा

कार्यक्रम सहावी ते आठवीपुरता होता. आठवी झालेली मुले नववीत गेली की पुन्हा नेहमीचे पुस्तक, नेहमीची व्याख्याने, आणि दहावीला व्याख्या व सूत्रे विचारणारी मंडळाची परीक्षा त्यांच्यापुढे येई. तीन वर्षे ज्या मुलाला ‘तुला काय दिसले ते लिही’ असे सांगितले जात होते त्याला आता ‘पुस्तकात आहे तसे लिही’ असे सांगितले जाई. मुलांचे नुकसान होते की नाही यावर पुष्कळ वाद झाला. माझे मत असे की पालकाच्या दृष्टीने हा वाद निकालात निघण्यासारखा नव्हताच. दहावीत मुलगा नापास झाला तर त्याची कारणे अनेक असतात. गणित असते, इंग्रजी असते, घरची शेती असते. पण पालकाला आठवते ते एवढेच की आपल्या जिल्ह्यात विज्ञान वेगळे शिकवले जात होते आणि शेजारच्या जिल्ह्यात नव्हते.

२००२ मध्ये जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करण्याची शिफारस केली आणि राज्य शासनाने नव्या शैक्षणिक वर्षापासून सगळ्या शाळांत राज्याचे सर्वसाधारण पुस्तक लागू केले. मुले पुढच्या परीक्षांत मागे पडतात आणि राज्यभर एकच अभ्यासक्रम असावा, ही कारणे पुढे आली. देशभरातल्या अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी या निर्णयाला विरोध केला. तो निर्णय चुकीचा होता असे मीही मानतो. एखादा कार्यक्रम तीस वर्षे चालल्यावर त्याचे गुणदोष शांतपणे, पुराव्यानिशी तपासून मग काय ते ठरवता आले असते. आणि ज्या शिक्षकांनी त्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली होती त्यांना विचारता आले असते. पण निर्णयाला चूक म्हणून थांबणे पुरेसे नाही, कारण विज्ञानप्रसाराचे काम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातात शासनाचे निर्णय नसतात; आपली रचना असते.

त्या रचनेत दोन गोष्टी कमी पडल्या असे मला वाटते. पहिली म्हणजे नववी-दहावीशी पूल. आठवीपर्यंतचा शिक्षक आणि हायस्कूलचा शिक्षक हे दोघे एका बैठकीत फारसे बसले नाहीत. हायस्कूलच्या दृष्टीने होविशिकाची मुले म्हणजे ‘काही न येणारी मुले’ ठरण्याचा धोका सुरुवातीपासून होता. दुसरी म्हणजे पालक. शिक्षकाशी अतिशय मनापासून आणि दीर्घकाळ बोलणाऱ्या या कार्यक्रमाला पालकाशी तितके बोलायला जमले नाही. गावात जत्रेच्या दिवशी प्रदर्शन भरवले तर पालक येतात, कौतुक करतात. पण ‘माझ्या मुलाने वहीत व्याख्या का नाही लिहिल्या’ या त्यांच्या खऱ्या प्रश्नाला प्रदर्शनात उत्तर नसते. त्याचे उत्तर मुलाची वही समोर ठेवून, पान उलटत, निवांत बसून द्यावे लागते. हे काम प्रत्येक शाळेत कोणी करायचे हे ठरलेले नसेल तर ते होत नाही. हे मी दोषारोप म्हणून लिहीत नाही. एवढे मोठे काम ज्यांनी केले त्यांच्याविषयी माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे.

कार्यक्रम थांबला तरी त्यातले पुष्कळ पुढे आले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष प्राध्यापक यशपाल होते, आणि टाटा संस्थेत काम केलेले हे शास्त्रज्ञ होविशिकाला जवळून ओळखत होते. घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा आणि परीक्षा लवचीक करण्याचा त्या आराखड्याचा आग्रह होशंगाबाद ठाऊक असलेल्याला परका वाटत नाही. एकलव्यने हिंदीत ‘संदर्भ’ हे शिक्षकांसाठीचे नियतकालिक सुरू केले आणि त्याच्याच प्रेरणेने मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागले. त्याचे जुने अंक आमच्या केंद्रावरच्या कपाटात आहेत आणि त्यांना कुलूप नाही.

आमच्या तालुक्यात काय केले

या अभ्यासाचा उपयोग आम्ही गेल्या वर्षी एका तालुक्यात करून पाहिला. तिथे आधी दिलेल्या पेट्यांचे काय झाले ते वर आलेच आहे. या वेळी नव्या पेट्या घेतल्या नाहीत. पहिली बैठक केवळ आठवीपर्यंतच्या शिक्षकांची नसून तालुक्यातल्या तीन हायस्कुलांच्या विज्ञानशिक्षकांची आणि आठवीपर्यंतच्या शाळांतल्या शिक्षकांची एकत्र होती, आणि तिचा विषय एकच होता: आठवीच्या विज्ञानाच्या सहामाही प्रश्नपत्रिकेतले दहा गुणांचे प्रश्न असे असावेत की जे प्रयोग केल्याशिवाय सोडवता येणार नाहीत. अधिकाऱ्यांनी दहा गुणांना हरकत घेतली नाही. वीस मागितले असते तर बहुधा घेतली असती. प्रश्न काढायला तीन बैठका लागल्या. हायस्कूलच्या एका बाईंनी त्यांत आग्रहाने भाग घेतला, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नववीत आलेल्या मुलांना आलेखाचा अक्ष कसा निवडायचा हेच कळत नाही आणि ते आठवीत झाले तर त्यांचे दोन आठवडे वाचतात.

परीक्षेच्या महिनाभर आधी सहा शाळांतून पेट्यांची मागणी आली. नव्या पेट्या नकोत, कपाटातल्याच पेट्यांतले फुटलेले सामान भरून द्या, अशी ती मागणी होती. केंद्रप्रमुखांनी फुटलेल्या काचेच्या वस्तू ‘वापरून संपलेल्या’ म्हणून नोंदवायची पद्धत तोंडी मान्य केली आहे. ती लेखी मिळावी म्हणून आम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे. येत्या सहामाहीनंतर आठ गावांत मुलांच्या तपासलेल्या वह्या आणि उत्तरपत्रिका घेऊन पालकांबरोबर बसायचे ठरले आहे. त्या बैठका शिक्षकच घेतील. हायस्कूलच्या बाई त्यांतल्या दोन गावांत येणार आहेत.